मूळ प्रतीत नसलेली सहा वाक्यं

आई गेल्यावर सातव्या आठवड्यात घाईसाहेबांचा फोन आला. हे नाव आईनेच ठेवलेलं. ते आमचे प्रकाशक. युरोपातल्या जुन्या कादंबऱ्या आणि नाटकं, म्हणजे त्यांची फार पूर्वी झालेली आणि आता कुठल्याच दुकानात न मिळणारी भाषांतरं, ते स्वस्त डिजिटल आवृत्त्यांत काढतात. एका चहाच्या किमतीत एक पुस्तक, फोनवर वाचायचं. वाचणारे कोण, तर पाळीवरच्या नर्सेस, पहारेकरी, दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेली माणसं. ती पुस्तकं तयार करण्याचं काम आम्ही मायलेकी करायचो, आमच्या जेवणाच्या टेबलावर.

"ताई, बोलू ना? जेवताय का? बरं, एक तक्रार आलीय," घाईसाहेब एका दमात म्हणाले. "ती मिठागराची कादंबरी. कोणी निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे जुनी छापील प्रत आहे. ते म्हणतात, आपल्या आवृत्तीत सहा वाक्यं जास्तीची आहेत."

"कमी असतील," मी म्हणाले.

"नाही हो, जास्तीची. मीही आधी तेच म्हटलं."

"मग त्यांची प्रत नंतरची, काटछाट केलेली असेल. ते पुस्तक आईने वाचलंय, साहेब."

आईने वाचलंय, म्हणजे विषय संपला. इतकी वर्षं आमच्याकडे असंच चालत आलं होतं. तेही वाद न घालता म्हणाले, "तुम्ही एकदा बघून घ्या. सोमवारपर्यंत सांगा."

आमचं काम कसं चालायचं ते सांगते. जुनं पुस्तक स्कॅन व्हायचं, मग यंत्र त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करायचं. त्या मजकुरात ढिगाने चुका असत. आई छापील प्रत समोर घेऊन मोठ्याने वाचायची आणि मी पडद्यावर नजर ठेवून दुरुस्त्या करायचे. छापखान्यात एकतीस वर्षं तिने हेच केलं होतं: प्रुफं तपासणाऱ्यासमोर बसून मूळ प्रत वाचून दाखवायची. ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकायची. विरामचिन्हंसुद्धा वाचायची. "म्हातारा उठला स्वल्पविराम टोपी घातली स्वल्पविराम आणि म्हणाला अवतरण सुरू." परिच्छेद संपला की ती विचारायची, "घेतलंस?" मी म्हणायचे, "घेतलं." मगच पुढे.

आवाज सपाट ठेवायचा, हा पहिला नियम. खून होवो की लग्न, आवाज तोच. आणि ऐकणाऱ्याने अर्थ ऐकायचा नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका प्रकरणात मी रडायला लागले, तर तिने पट्टी टेबलावर आपटली. "चिमे, अर्थ ऐकू नकोस. अर्थ ऐकायला लागलीस की मन पुढे पळतं आणि चूक मागे राहते. रडायचं असेल तर पुस्तक विकत घे आणि रड."

दुसरा नियम: दुसऱ्याच्या वाक्यात आपलं बोट घालायचं नाही. लेखकाने मूर्खपणा केला असेल तर तो लेखकाचा. छापखान्यात एका कविराजांनी तिला म्हणे गळ घातली होती की, दुसऱ्या कवीच्या पुस्तकात एक शब्द बदलून टाक. तिने त्यांचा चहा त्यांच्यासमोर बेसिनमध्ये ओतला. ही गोष्ट बाबा दरवेळी सांगायचे आणि दरवेळी कप मोठा होत जायचा.

तिसरा नियम तिच्या छापखान्याचा होता. मजकूर काढून टाकायचा असला तरी आधी तो दोघांपैकी एकाने पूर्ण वाचून दाखवायचा. न वाचता काही खोडायचं नाही.

कामाबाहेर मात्र ती त्या पुस्तकांना काही सोडायची नाही. नाटकं तयार करताना म्हणायची, "हे सगळे एकाच खोलीत येऊन का बोलतात गं? यांच्या घरात स्वयंपाकघर नाही?" पात्रांची लांबलचक नावं तिच्या जिभेवर बसत नसत, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव. नाकवाला. बेशुद्धबाई. दोन कुत्र्यांचा सरदार. आणि कादंबरीतल्या आया हा तिचा खास राग. "आईला मारायचं असलं की आधी तिला खिडकीपाशी बसवतात. बघ तू. शाल पांघरून बसवली ना खिडकीत, की वीस पानांत खेळ आटोपला." तसंच व्हायचं. ती पानं मोजायची. कधी सतरा, कधी बावीस.

शेवटच्या महिन्यात, उजेड बरा म्हणून मी तिची खुर्ची सरकवायला गेले, तर म्हणाली, "खिडकीपाशी नको गं. इतक्यात नको."

ती गेली तेव्हा मी दवाखान्यात खालच्या मजल्यावर होते. कुठल्याशा कागदावर सही हवी म्हणून मला काउंटरवर बोलावलं होतं. लिफ्टसमोर स्ट्रेचर होतं, म्हणून जिन्याने चढत आले. चौथ्या मजल्यावर नर्स दारातच उभी होती. मी तिला विचारलं, काही बोलली का? ती म्हणाली, "नाही हो, झोपेतच." दुसऱ्या दिवशी सामान आणायला गेले तेव्हा तिला पुन्हा तेच विचारलं. आठवड्याने फोन करूनही विचारलं. तिन्ही वेळा तिने तेच सांगितलं, तिसऱ्यांदा जरा हळू आवाजात. मला एक शब्द हवा होता. कसलाही चालला असता. गॅस बंद कर, एवढा असता तरी मी तो जपून ठेवला असता.

घरातली आवराआवर मी लगेच केली. माणूस गेल्यावर कपाट उघडायला वर्ष लावणाऱ्यांतली मी नाही. वरच्या खणात माझा निळा लोकरी कोट सापडला. त्याचं गळ्याजवळचं बटण दोन हिवाळे तुटलेलं होतं आणि ते लावून दे म्हणून मी आईच्या मागे लागले होते, जसं काही मला सुई धरता येत नाही. बटण लावलेलं होतं. पण काळ्या दोऱ्याने. निळ्या कोटावर काळा दोरा, आणि तो आईच्या हातचा. मला त्याचा रागच आला. मी कोट परत खणात टाकला.

तर, घाईसाहेबांचा फोन ठेवला आणि मिठागरवालीची छापील प्रत काढली. आईची पट्टी अजून तिच्यावरच होती. या कादंबरीची गोष्ट काही फार मोठी नाही. उत्तरेकडचा समुद्रकिनारा, मिठागरात राबणारी एक विधवा, आणि दूर शहरात मोठ्या घरी शिवणकाम करणारी तिची मुलगी. आई आजारी पडते, मुलीला निरोप जातो, मुलगी निघते, रस्ते चिखलाने बंद. ती पोहोचते तेव्हा सगळं संपलेलं असतं. पान तीनशे बारावर छापील वाक्यं अशी आहेत: "म्हातारीने दाराकडे पाहिले. ती काही बोलली नाही. पहाटे भरती आली तेव्हा शेजारणीने तिचे डोळे मिटले."

मग मी फोनवर आमची आवृत्ती उघडली. पहिलं वाक्य तेच होतं. "ती काही बोलली नाही" हे वाक्य नव्हतं. त्याच्या जागी हे होतं:

"जाण्याआधी ती शेजारणीला म्हणाली, तिला सांग, उशीर झाला म्हणून रडत बसू नकोस. ती लहान असताना शाळा सुटायच्या वेळी मी रोज दारात उभी राहायचे, पण तिला दिसणार नाही अशी, कारण मी दिसले असते तर ती धावत सुटली असती आणि पडली असती. आत्ताही मी तशीच उभी आहे असं समज म्हणावं. तिच्या लोकरी कोटाचं बटण मी लावलं आहे; दोरा काळा आहे, निळा मिळाला नाही. ती माझ्यावर चिडायची त्याचं मला कधी काही वाटलं नाही; जिथे चालवून घेतात तिथेच माणूस चिडतो. आणि गरम असताना जेवत जा म्हणावं."

त्याच्या खाली बारीक ठिपक्यांची रेघ होती. डिजिटल आवृत्तीत वाचकांनी खूण केलेल्या मजकुराखाली ती येते, आणि रेघेवर बोट ठेवलं की आकडा दिसतो. या परिच्छेदावर त्रेसष्ट जणांनी खूण केली होती. उरलेल्या सबंध कादंबरीत सगळ्यांत मोठा आकडा होता चार.

मी किती वेळ बसले होते ते माहीत नाही. बाबा बाहेरून आले, चपला काढल्या, आत गेले, परत आले, म्हणाले, "दिवा लाव की." तेव्हा कळलं की संध्याकाळ झालीय.

हे कसं झालं ते मला लगेच समजलं. स्कॅन करताना दोन पानं एकमेकांना चिकटून गेली होती, त्यामुळे यंत्राच्या मजकुरात तीनशे बारा आणि तेरा नव्हतीच. असं झालं की आई छापील प्रतीवरून सांगायची आणि मी टाइप करायचे. फाईलमध्ये दुरुस्तीची तारीख असते. ती काढून बघितली. मग आईच्या रिपोर्टांची पिशवी काढली. पहिल्या रिपोर्टवरची तारीख त्याच्या चार दिवस आधीची होती. आम्हाला तिने सांगितलं त्यानंतर दीड महिन्याने, तेही बाबांना पिशवी सापडली म्हणून.

ती दुपार मला आठवते. आठवते म्हणजे काय, घाई आठवते. त्या दिवशी पुस्तक पाठवायचं होतं. आई मध्येच थांबली. मला वाटलं पान उलटतेय. मी म्हणाले, "आई, भरभर वाच ना, मला काय दिवसभर हेच काम आहे?" मग ती वाचायला लागली. "तिला सांग स्वल्पविराम उशीर झाला म्हणून रडत बसू नकोस पूर्णविराम." आवाज सपाट. पट्टी सरकत होती की नाही, मी बघितलं नाही. अर्धविराम दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी बरोबर टाइप केला. ती म्हणाली, "घेतलंस?"

मी म्हणाले, "घेतलं. पुढे."

तिने शिकवल्याप्रमाणे मी अर्थ ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाईसाहेबांना फोन केला आणि सांगितलं की शिक्षकांचं बरोबर आहे. वाक्यं कोणाची हेही सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच घाई नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "त्रेसष्ट खुणा आहेत त्यावर. आमच्या कुठल्याच पुस्तकातल्या कुठल्याच परिच्छेदावर एवढ्या नाहीत."

"बघितलं मी."

"एका नर्सबाईंनी लिहिलं होतं मध्ये, की हे वाचून मी गावी फोन केला. मला वाटलं, भाषांतरकार काय ग्रेट आहे. तर मी काय म्हणतो, राहू द्या. लेखक जाऊन दीडशे वर्षं झाली. भाषांतरकारही गेले. त्या शिक्षकांना मी काहीतरी कळवतो. पाठभेद वगैरे."

"पाठभेद नाहीये तो."

"नाहीये हो. पण कोणाचं काय बिघडतंय?"

कोणाचं काहीच बिघडत नव्हतं, तीच तर अडचण होती. मी म्हणाले, सोमवारी सांगते.

त्या शिक्षकांचं पत्र त्यांनी मला पाठवलं. छोटंसंच होतं. शेवटी लिहिलं होतं: "वाक्ये चांगली आहेत. मी स्वतः त्यांवर खूण केली होती आणि म्हणूनच मूळ प्रत काढून पाहिली. परंतु ती लेखकाची नाहीत. लेखकाची म्हातारी काही न बोलता जाते. ते सोसायला कठीण आहे, पण त्याने तसे लिहिले आहे."

दोन दिवस मी स्वतःशी भांडले. ती वाक्यं तिथे राहिली तर अनोळखी माणसं दवाखान्याच्या बाकांवर बसून ती वाचत राहतील. त्यांना कळणार नाही की हे कोण बोलतंय, पण आई त्यांच्याशी बोलत राहील. काढली, तर ती कादंबरी पुन्हा शुद्ध होईल आणि माझी आई पुन्हा काही न बोलता जाईल. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बेसिनमध्ये ओतलेला चहा. एकतीस वर्षं तिने एका अक्षराला हात लावला नव्हता. ज्या दिवशी लावला, त्या दिवशी तिला काय झालं असेल? आणि ते तिने माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. मी पकडीन असं तिला वाटलं असेल का? मी मान वर करून म्हणावं, "आई, हे पुस्तकात आहे?" आणि मग तिला सांगावंच लागलं असतं. रोज समोरासमोर बसून तिने माझ्यासाठी एवढी एक फट ठेवली होती. मी म्हणाले, पुढे.

रविवारी दुपारी मी बाबांना टेबलाशी बोलावलं. "एक दुरुस्ती करायचीय. वाचायला माणूस हवंय."

बाबा पाणीपुरवठ्यात पंपावर होते. पुस्तकांशी त्यांचा संबंध आतल्या खोलीत पडून ऐकण्यापुरता. "मला कुठं येतंय ते स्वल्पविराम-बिराम," ते म्हणाले, पण चष्मा पुसून बसले. मी त्यांच्यापुढे फोन ठेवला, बोटाने परिच्छेद दाखवला.

त्यांनी मनात वाचलं. मग म्हणाले, "हा माझ्या ओळखीचा आहे."

"म्हणजे?"

"तुमचं चालू असताना ऐकला होता ना मी. आत पडलो होतो. मला वाटलं, त्या लेखकाला आपलं घर कसं ठाऊक!" ते हसले आणि हसता हसता थांबले. "तू शाळेतून यायचीस तेव्हा ती खरंच दारातल्या खांबाआड उभी असायची. मी म्हणायचो, अगं, पुढे हो की. तर म्हणायची, नको, धावेल."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? मला वाटलं, तू टाइप केलंयस म्हणजे तुला कळलंय. तुमचं दोघींचं काहीतरी आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला नव्हतं कळलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांनी परिच्छेद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "आता काय, काढायचं?"

"मूळ प्रतीत नाही, बाबा."

"मग काढायलाच हवं," ते म्हणाले. "नाहीतर ती आपल्याला काही सोडायची नाही." आणि हात पुढे करून म्हणाले, "पट्टी दे."

फोनच्या काचेवर पट्टी धरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्यांचा आवाज सपाट नव्हता. ते काम त्यांनी कधी केलेलं नाही. विरामचिन्हं मात्र त्यांनी एकही सोडली नाही. तिला सांग स्वल्पविराम. असं समज म्हणावं पूर्णविराम. दोरा काळा आहे, तिथे त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि वाक्य पहिल्यापासून घेतलं, कारण आई तसंच करायची. गरम असताना जेवत जा म्हणावं पूर्णविराम. मी यावेळी पडद्याकडे बघत नव्हते. मी ऐकत होते.

ते थांबले. पट्टी तशीच धरून म्हणाले, "घेतलंस?"

ते वाट बघत राहिले.

"घेतलं," मी म्हणाले, आणि सहाही वाक्यं काढून टाकली. मग छापील प्रतीवरून त्यांनी मूळचं वाक्य वाचलं आणि मी ते टाइप केलं. ती काही बोलली नाही पूर्णविराम.

सोमवारी सुधारलेली आवृत्ती गेली. मजकूर बदलला की खुणाही जातात, तशा त्या त्रेसष्टही गेल्या. शिक्षकांचं एका ओळीचं पत्र आलं: "पाहिले. आता बरोबर आहे." घाईसाहेबांनी पुढचं पुस्तक पाठवलंय, एक नाटक, सगळे एकाच खोलीत येऊन बोलतात. ते कोणाबरोबर करायचं ते ठरलेलं नाही. थंडी सुरू झाली आहे. कोट मी वापरते. दोरा बदललेला नाही.

त्या आठवड्यात एके दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. बाबांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या फोनवरचं अक्षर एवढं मोठं असतं की एका पडद्यावर सातच ओळी मावतात.

"हे बघ, मिठागरवाली उघडली की हे येतंय. जुनी काढून नवी आवृत्ती घ्या म्हणून. काय करू?"

"नको म्हणा."

"परवाही आलं होतं. रोज येतं बहुतेक."

"मग रोज नको म्हणा, बाबा."

त्यांनी चष्मा लावला, नीट बघून बोट दाबलं, आणि फोन ताटापासून दूर, कोरड्या जागी ठेवला.

"जेव," ते म्हणाले. "गार होतंय."